क्षयाची औषधे आणि रुग्णाची जबाबदारी



डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, गोळ्या घरी आल्या, की आपले काम संपले असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. वास्तविक रुग्णाचे काम तेथून सुरू होते. हे मी क्षयरोगाच्या उदाहरणाने सांगणार आहे. दाटीवाटीच्या वस्त्यांत हा रोग आजही ठाण मांडून आहे आणि त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

साध्या क्षयाचा नेहमीचा उपचार 6 महिन्यांचा असतो. पहिले 2 महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे आणि पुढील 4 महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, माणूस कामावर जाऊ लागतो. घात होतो तो येथेच! बरे वाटणे वेगळे आणि बरे होणे वेगळे. शिल्लक राहिलेले चिवट जंतू गोळ्या सोडताच पुन्हा वाढतात आणि औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अवघड होतो व तोच जंतू घरातील लेकराबाळांनाही गाठू शकतो.

म्हणून आपले औषध आपण ओळखले पाहिजे. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्याला घाबरून गोळ्या सोडू नयेत. मात्र डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली किंवा रंग नीट ओळखू येईनात, तर पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना गाठावे. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगावे. दारू यकृताला अधिकच धोक्यात घालते. ती बंदच हवी.

दुसरी कोणती औषधे चालू आहेत हे डॉक्टरांना न विचारताही सांगावे. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. भगिनींनी येथे संकोच केला, तर नुकसान त्यांचेच होते.

डॉक्टरसाहेबांसमोर तोंड कसे उघडायचे, हा आपला जुना संकोच आहे. ही गोळी कशासाठी, किती दिवस, एखादा डोस चुकला तर काय करायचे, हे विचारण्यात कमीपणा नाही. तो आपला हक्क आहे.

विद्यार्थी मित्रहो, घरातील वडीलधाऱ्यांच्या गोळ्यांची पाकिटे तुम्ही वाचून दाखवा. कॅलेंडरवर रोजची खूण करा. कार्यकर्त्यांनी रुग्णाला निक्षय पोषण योजनेची माहिती द्यावी. 2018 साली सुरू झालेल्या या योजनेत दरमहा 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले आहेत. रोग लपवू नका, रुग्णाला दूर लोटू नका आणि शेवटची गोळी घेतली जाईपर्यंत त्याची साथ सोडू नका.