माणसाला मान, चिठ्ठीला जाब

पहाटे माळ तुडवून, बुटांना चिखल तसाच ठेवून या सभागृहात आलेल्या पक्षिमित्रांनो,

मघाशी स्वागताध्यक्ष म्हणाले, आपण सगळे पक्षिमित्र म्हणजे एक मोठं कुटुंब आहोत. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. आपल्याकडच्या कुटुंबात काय चालतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला कळतं त्याला ‘तू गप्प बैस’ म्हणतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. या अर्थानं घेतलं तर स्वागताध्यक्षांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि आज माझं भांडण त्याच गोष्टीशी आहे.

संयोजकांनी मला ‘पक्षिनिरीक्षणाचं बदलतं स्वरूप’ असा विषय दिला होता. त्यावर बोलायला सोपं आहे. पूर्वी दुर्बीण मागून आणावी लागे, आता लांब भिंगाचे कॅमेरे गळ्यात आहेत, वगैरे. ते तुम्हाला माझ्याशिवायही माहीत आहे. मी बोलणार आहे ते पहाटेच्या फेरीनंतर आपण फोनवर जे करतो त्याबद्दल. नाश्त्याच्या टपरीवर पोहे यायच्या आत फोटो ग्रुपवर चढतात, आणि मग तिथे जो तमाशा होतो त्याबद्दल.

गेल्या काही वर्षांत आपल्या ग्रुपांवरून जाणती माणसं कमी होत गेली. कुणाच्या लक्षात आलं? नाही आलं, कारण जाणता माणूस जाताना दार आपटत नाही. आधी तो दोन परिच्छेद लिहितो: चोचीचा आकार पाहा, पंखावरची पट्टी पाहा, हा अमुक नाही, तमुक आहे. त्यावर कुणीतरी म्हणतं, “आम्ही प्रत्यक्ष पाहिलाय, तुम्ही घरी बसून सांगताय.” पुढच्या वेळी तो एक ओळ लिहितो. त्याच्या पुढच्या वेळी नुसतं नाव. मग काहीच नाही. एके दिवशी कुणीतरी विचारतं, “अरे, ते हल्ली दिसत नाहीत?” आणि कुणीतरी उत्तर देतं, “फार अहंकारी होते हो.” असा आपण त्यांचा निरोप समारंभ करतो.

तुम्ही म्हणाल, अध्यक्ष महाराज दुसऱ्यांना शिव्या देताहेत. थांबा. पहिली शिवी मला आहे.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होतो आणि आमच्या ग्रुपचा ॲडमिन होतो. फेब्रुवारीत तळ्याकाठच्या बाभळीवर बसलेल्या एका पक्ष्याचा फोटो मी टाकला. राखी पाठ, छातीवर तांबूस छटा, शेपटीवर पट्टे. खाली लिहिलं, ‘शिक्रा, रुबाबात’. पंचवीस-तीस जणांनी वा वा केली. आणि मग एका निवृत्त वनरक्षकाचा निरोप आला. सगळा मिळून दोन शब्दांचा आणि एका सूचनेचा: ‘पावश्या हाये. पाय बगा.’

त्या माणसानं तीस वर्षं जंगलात काढली होती. मी मराठीचा मास्तर. मी उत्तर दिलं, ‘आधी शुद्धलेखन, मग पक्षिलेखन!’ हसणारे चेहरे इतके आले की मोजता येईनात. त्या संध्याकाळी वनरक्षक ग्रुपमधून बाहेर पडले. मी ‘बाहेर पडले’ ही करड्या अक्षरातली ओळ पाहिली आणि, खरं सांगतो, मला जिंकल्यासारखं वाटलं.

चार महिन्यांनी पावसाच्या तोंडाशी शेताच्या बांधावर पावशा ओरडायला लागला, ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. तो आवाज ऐकताना कसा कोण जाणे, मला तो फोटो आठवला. घरी येऊन मोठा करून पाहिला. फेब्रुवारीत पावशा क्वचितच तोंड उघडतो, त्यामुळे आवाजाचा पुरावा तेव्हा मिळाला नव्हता. चोच पानाआड होती. पण पाय स्वच्छ दिसत होते. शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या पायाला तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. पावशासारख्या कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्यांची दोन पुढे आणि दोन मागे. माझ्या ‘शिक्र्या’ची दोन बोटं मागे होती. पावशाचं आणि शिक्र्याचं रूप इतकं जुळतं की लहान पाखरंसुद्धा पावशाला बघून दचकतात. पाखरं फसली तर समजू शकतो. पण पाखरांना कुणी सांगितलं नव्हतं ‘पाय बगा’. मला सांगितलं होतं.

आता माझा आरोप ऐका. आपल्या ग्रुपांवर शिवीगाळ फार नाही. आपण सुसंस्कृत आहोत, सुविचार आणि गुलाबाची फुलं पाठवतो. आपला रोग वेगळा आहे. तो आहे ‘छान!’ कुणीही काहीही टाकलं की ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘काय टिपलंय!’ या गोड पाकात दुरुस्ती हा एकच खडा लागतो. म्हणून दुरुस्ती करणारा आपल्याला उद्धट वाटतो. घरट्याचा फोटो टाकू नका, ठिकाण सांगू नका, असं एखादीनं लिहिलं की आपण विचारतो, “तुम्ही कोण सांगणार?” तिनं त्या घरट्यातली पिल्लं कशी उपाशी राहतात ते पाहिलेलं असतं. तेवढ्यासाठीच ती ‘कोण’ असते. आपल्याला सभ्यता म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना बरं म्हणणं वाटतं. असल्या सभ्यतेनं एक आख्खा पक्षी हरवलेलाच ठेवला होता. तो आपल्या महाराष्ट्राचा पक्षी होता, म्हणून ती गोष्ट सांगतो.

रानपिंगळा, एक लहान घुबड. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमनं १८७३ साली जगाला त्याची ओळख करून दिली, त्याआधीच्या वर्षी ब्लेविटनं मिळवलेल्या नमुन्यावरून. पुढे खानदेशात डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्यानं काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीची नोंद नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची जेमतेम सात कातडी. त्यातलं एक कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागनच्या संग्रहातलं, आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, गुजरात, १९१४.

माइनर्ट्‌झहागन म्हणजे लष्करातलं मोठं नाव, पक्षिशास्त्रातलं मोठं नाव, हजारो कातड्यांचा धनी. त्याच्याबद्दल कुजबूज जुनी होती. १९१९ मध्येच लंडनच्या संग्रहालयानं त्याला काही काळ पक्षिदालनात यायला बंदी केली होती. पण चिठ्ठीवर बोट ठेवून ‘कर्नलसाहेब, हे खोटं आहे’ असं उघड म्हणणं असभ्य समजलं गेलं. १९६७ साली तो मान-सन्मानासह वारला.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी त्या कातड्याची एक्स-रे काढून तपासणी केली. आत पाहिलं, शिवण पाहिली. कातडं उसवून पुन्हा भरलेलं होतं, आणि मूळची कलाकुसर डेव्हिडसनच्या इतर नमुन्यांशी जुळत होती. मांडवीचा पक्षी मुळात मांडवीचा नव्हताच. संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावून तो कर्नलच्या नावावर केलेला होता. मांडवीची चिठ्ठी रद्द झाली आणि नकाशावर खऱ्या नोंदींची ठिकाणं उरली, त्यांत खानदेश. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट सातपुड्याच्या पायथ्याला शहाद्याजवळ गेले. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा व्हायचा होता. भर सकाळी एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी. नंतर तो तोरणमाळला, मेळघाटात दिसला, २०१४ मध्ये मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलातही सापडला.

या गोष्टीतून तुम्ही ‘तज्ज्ञांवर विश्वास ठेवा’ एवढाच बोध घेतलात तर गोष्ट वाया गेली. कर्नलसुद्धा तज्ज्ञच होता. बोध असा की मान माणसाला द्यायचा आणि जाब चिठ्ठीला विचारायचा. आपण नेमकं उलट करतो. चिठ्ठीला हार घालतो आणि माणसाला फाडून खातो. फोटोवर लिहिलेलं नाव पवित्र, आणि ते बदला म्हणणारा नतद्रष्ट.

इथे मला काही चेहरे नाखूश दिसताहेत. तुमची शंका मला कळते: “म्हणजे आता चार पंडित सांगतील आणि आम्ही माना डोलवायच्या?” अजिबात नाही. ‘कशावरून?’ हा प्रश्न विचाराच. पण विचारल्यावर उत्तर ऐकायला कान शिल्लक ठेवा. उत्तरात खूण मागा: चोच, पाय, पंखावरची पट्टी, आवाज, बसण्याची ढब. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळपास नसतात. हा असतो वाद. “मी वीस वर्षं पक्षी बघतोय” हा वाद नाही, तो वयाचा दाखला आहे.

आणि जाणत्या मंडळींनो, तुम्ही गालात हसू नका. तुमचीही पाळी आहे. नवख्या मुलीनं घारीला गरुड म्हटलं की “आधी पुस्तक उघडा” असं लिहिणारे तुम्हीच. एक गोष्ट आठवा. मुंबईतल्या एका लहान मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी मारली आणि ती कुठली म्हणून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलर्ड यांनी त्याला हाकललं नाही. चिमणीचं नाव सांगितलं, संग्रहातले भरलेले पक्षी एकेक खण उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे सालीम अली. मिलर्ड त्या दिवशी “चिमणीसुद्धा ओळखता येत नाही?” म्हणाले असते तर? तेव्हा ज्याला अक्कल आहे त्यानं जिभेलाही लगाम द्यावा. सौजन्य दोन्ही बाजूंनी चालतं, पण आज माझा सोटा मुख्यतः आपल्या, म्हणजे बहुसंख्यांच्या बाजूला आहे, कारण टोळकं आपलं असतं. जाणता बहुधा एकटा असतो.

त्याशिवाय जाणता ओळखायचा कसा, तेही आपल्याला कळत नाही. आपण तज्ज्ञ शोधतो तो इंग्रजी शास्त्रीय नावं फेकणारा, पदव्या असलेला. मारुती चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते, आणि त्यांच्या पक्षिकोशामागे जंगलात राहणाऱ्या माणसांच्या तोंडची नावं आहेत. त्यांनी त्या माणसांचं शुद्धलेखन तपासलं नाही. ते मी तपासलं.

हे सगळं काही चार फोटोंच्या हौसेपुरतं नाही. २०२३ च्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला, आणि त्याचा आधार होता तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी. म्हणजे तुमच्या-माझ्या नोंदी. त्या नोंदी तपासणारे लोकही बिनपगारी हौशी आहेत. रात्री जेवण आटोपून ते विचारतात, “ही नोंद वेगळी वाटते, फोटो आहे का, खुणा कुठल्या पाहिल्या?” आणि आपण उत्तर देतो, “आमच्यावर अविश्वास?” त्यातला एखादा कंटाळून उठला की त्या जिल्ह्याच्या नोंदींत चुकीचा पक्षी कायमचा घरटं करतो. मग माळावरचा तणमोर कमी होतोय की वाढतोय, हे सांगणार कोण? तुमचे अंगठे?

मागण्या माझ्या थोड्या आहेत. फोटो टाकताना तारीख आणि अधिवास लिहा; सार्वजनिक ठिकाणी घरट्याचा पत्ता लिहू नका. कुणी दुरुस्ती केली की असहमती खुणेनं करा, टोमण्यानं नाही. चूक कळली की ज्या ठिकाणी ‘रुबाबात’ लिहिलं होतं त्याच ठिकाणी, तितक्याच मोठ्या आवाजात ‘चुकलो’ लिहा. आणि ॲडमिन मंडळींनो, गुलाबाच्या फुलांना बंदी करण्यापेक्षा पहिल्या टोमण्याला बंदी करा.

मी त्या वनरक्षकांच्या घरी गेलो. तो फोटो छापून नेला होता. त्यांनी चष्मा लावला, बघितला, म्हणाले, “पाय बघितले न्हवं? मग झालं.” चहा पाजला. मी म्हटलं, ग्रुपवर परत या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “गुरुजी, मला जंगलात कधी भ्याव वाटलं नाय. तिथं लिवताना वाटतं.”

ते आज इथे आलेले नाहीत. बोलावलं होतं.

आता शेवटचं. उद्घाटनाला जी स्मरणिका प्रकाशित झाली ती तुमच्या हातात आहे. तिच्या बाराव्या पानावर एक फोटो आहे. संपादकांनी तो जुन्या फायलीतून उचलला, मला काल रात्री कळलं. खाली छापलंय, ‘शिक्रा, रुबाबात’, आणि माझं नाव. पान उघडा. ज्यांच्याकडे पेन नाही त्यांनी शेजाऱ्याचं घ्या. ‘शिक्रा’ खोडा. ‘पावशा’ लिहा. त्यांचं नाव तिथे लिहायला त्यांनी मला परवानगी दिली नाही, म्हणून खाली एवढंच लिहा: ‘पाय बगा’. जसं त्यांनी लिहिलं होतं तसंच. ‘ग’च लिहा, ‘घ’ करू नका.