वास म्हणजे पुरावा नव्हे

मोटारीच्या अपघातात डोक्याला मार बसला की निर्व्यसनी माणूसही झोकांड्या खातो, बरळतो. मधुमेह्याची साखर उतरली तरी तेच. बघे लगेच म्हणतात, "प्यालेला आहे!" पण जमावाची ओरड म्हणजे कायदा नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम मोजमाप मागते: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक दारू. तोंडाचा वास आणि डळमळती चाल एवढ्यावरून नशा निश्चित ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात १९७१ साली सांगितले आहे.

म्हणून खोटा आळ आला तर डॉक्टरांकडून रक्त तपासण्याची मागणी तिथल्या तिथे करा. उशिराच्या तपासणीला किंमत राहत नाही. न वाचता सही करू नका, अंगठा उठवू नका. दंड भरून सुटू म्हणून न केलेला गुन्हा कबूल कराल तर परवाना जाऊ शकतो, आणि परवाना ही ड्रायव्हरची भाकरी. अटकेतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे मागा.

पिऊन गाडी हाकणाऱ्याची मी बाजू घेत नाही. पण जो प्यालाच नाही, त्याने मान का खाली घालावी?