शाळेच्या खोलीची हकीगत
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही, शिक्षणही सातवीपर्यंतच. पण खोलीची हकीगत मीच सांगावी असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत भरत असे. पाठीला पाठ लावून ४८ मुले. इकडे पाढे सुरू झाले की तिकडचा धडा बुडालाच! लवकर येईल त्याला आत जागा. ऊसतोडणीच्या वस्तीवरची मुले लांबून येत, ती ओसरीवर बसत, आणि पाऊस आला की घरी जात. त्यातल्या एका मुलीची आई मला म्हणाली, "काकी, दाराबाहेरच बसायचं, तर धाकट्याला सांभाळायला घरीच राहू दे की." मी काही बोलले नाही. हायस्कूल दोन कोसांवर म्हणून माझी शाळा सुटली होती; त्याच वाटेने माझा भाऊ मात्र गेला.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे शिक्षक तितक्या खोल्या हव्यात. अर्ज झाले, दोन पावसाळे गेले. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीत आम्हीच विषय काढला. या समितीत निम्म्या बायका असाव्यात असे त्याच कायद्यात आहे, नाहीतर आम्हांला कोण विचारते?

पैसे उभे केले मुठीमुठीने. रोज घरटी एक मूठ धान्य बाजूला काढायचे आणि बाजाराच्या दिवशी विकायचे. ही युक्ती आपली नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यात काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्यास वसतिगृह केले, तिथे सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला जेवत. त्यांच्या कामाला बायकांनी असेच मूठमूठ धान्य दिले. आणि वसतिगृहातले दाणे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र दिले. त्या १९३० सालीच वारल्या, संस्थेची पुढची वाढ त्यांना पाहायला मिळाली नाही.

आपला पाया खणला तो पहिल्या खेपेस उथळ ठरला. इंजिनियरसाहेबांनी आणखी फूटभर खणायला लावले. हाताला फोड आलेले, त्यामुळे त्यांना आम्ही मनातल्या मनात काय काय म्हटले ते इथे सांगत नाही. पण त्यांचेच बरोबर होते. मजुरी फक्त गवंड्याला दिली. वाळू, खडी, पाणी सारे आपल्या घमेल्यांनी वाहिले. वस्तीवरच्या बायका दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी यायच्या. घरी बसणाऱ्या आम्ही त्यांच्याआधी दमायचो.

खोली झाली, ओसरी रिकामी झाली. ती मुलगी आता पुढच्या बाकावर बसते. पण जूनपासून एका बाईंची बदली झाली आहे आणि जागा भरलेली नाही. भिंत आपण बांधली, शिक्षक कुठून बांधणार? त्यासाठी अर्ज दिला आहे, त्यावर सह्या हव्यात. तोवर बाई एका वर्गात असताना दुसऱ्यात आपल्यापैकी कोणीतरी मुलांकडून वाचून घेते. मंगळवार आणि शुक्रवारची दुपार अजून मोकळी आहे. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.