वाऱ्यात डोलणारे अरण्य



अरण्यावरून वाहणारा वारा शेंड्यांच्या वर मोकळा व वेगवान असतो आणि पानाफांद्यांत शिरताच मंदावतो. या दोन थरांच्या वेगांत मोठी तफावत पडल्यामुळे शेंड्यांच्या पातळीवर प्रवाह अस्थिर होऊन हवेचे भोवरे तयार होतात. वाऱ्याच्या अशा अनियमित वाहण्यास प्रक्षोभ म्हणतात. रॉपाक, फिनिगन आणि ब्रुने या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये या प्रक्रियेचे विवेचन केले, आणि त्यातून निघणारा अर्थ खरोखर विलक्षण आहे: झाडांना हलवणारे मोठे झोत बऱ्याच अंशी अरण्याच्या अस्तित्वातूनच जन्मतात.

झोत आला की झाड वाकते, ओसरला की खोडाच्या लवचिकतेमुळे परत येते, आणि वेगात असल्याने मूळ जागा ओलांडून विरुद्ध बाजूस झुकते. अशा एका पूर्ण हेलकाव्यास उंच सूचिपर्णी वृक्षाला काही सेकंद लागतात. झोत त्याच लयीत येत राहिले, तर हेलकावे वाढत जातील. परंतु झाडाची ऊर्जा सतत खर्ची पडत असते, आणि यालाच अवमंदन म्हणतात. पानांना हवेचा अवरोध होतो, लाकडाच्या तंतूंत घर्षण होते, शेजाऱ्यांच्या फांद्या एकमेकींवर आपटतात. शिवाय प्रत्येक फांदी खोडाच्या तालावर न डोलता आपल्याच गतीने डोलत असल्याने खोडाची हालचाल तिच्यात वाटली जाते व लवकर शमते. फांद्यांचे हे कार्य एखाद्या वादळी दुपारी, सुरक्षित अंतरावरून, अवश्य निरखावे.

डोलण्याचा परिणाम वाढीवरही होतो. ऑस्ट्रेलियात वनशास्त्रज्ञ एम. आर. जेकब्स यांनी रेडिएटा पाइनची काही झाडे तारांनी ताणून बांधली, तेव्हा त्यांच्या खोडाचा खालचा भाग मोकळ्या झाडांच्या तुलनेत कमी जाड झाला. हे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. दाट रोपवनात आतली झाडे अशीच आडोशाला, उंच आणि सडपातळ वाढतात. त्यामुळे भोवतालची झाडे एकदम तोडली, तर उरलेल्यांना पूर्वी न सोसलेला वारा अंगावर घ्यावा लागतो, आणि टकरीने हेलकावे रोखणारे शेजारीही उरत नाहीत. वादळानेही असाच आडोसा नाहीसा होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरील नारळ-पोफळीच्या बागांची अतोनात हानी केली. अशा वादळानंतर दाट बागेत ज्या बारीक पोफळी उभ्या राहतात, त्यांचाही आडोसा गेलेला असतो. म्हणूनच वनव्यवस्थापनात विरळणी, म्हणजे दाटीतील काही झाडे काढणे, लवकर सुरू करून टप्प्याटप्प्याने करतात, जेणेकरून राहिलेल्या झाडांना वाढत्या वाऱ्यात खोड व मुळे जाड करण्यास काही वर्षांचा अवधी मिळतो.