परवाना मिळाल्यानंतरचे वर्ष

वाहन चालविण्याचा परवाना मिळणे हा आज घरोघरी एक लहानसा संस्कारच होऊन बसला आहे. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, परिवहन कार्यालयातील चाचणी पार पडली, परवान्याचे कार्ड हाती आले, की पेढे वाटले जातात आणि गाडीची किल्ली स्वाधीन केली जाते. शिकणे संपले, आता चालविणे सुरू झाले, अशीच त्या दिवशी सर्वांची समजूत असते. पुढील अनेक दुःखांचे मूळ ह्या समजुतीत आहे. परवाना ही कौशल्याची पदवी नव्हे. एकट्याने शिकू लागण्याची ती केवळ अनुज्ञा होय. ज्या ज्या देशांत ह्या विषयाची काळजीपूर्वक पाहणी झाली, तेथे एक गोष्ट पुनःपुन्हा आढळली आहे. चालकाच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ शिक्षक शेजारी बसलेला असतानाचा नसतो; शिक्षक उतरून गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांचा असतो.

प्रश्नाची व्याप्ती आकड्यांवरून कळते. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक जीव गेले. मृतांपैकी सुमारे दोनतृतीयांश माणसे अठरा ते पंचेचाळीस ह्या वयातील, म्हणजे ज्यांच्या कमाईवर घर चालावयाचे अशी होती. आणि शंभरांतील चव्वेचाळीसांहून अधिक जण दुचाकीवरचे होते. जागतिक आरोग्य संघटनेने तर असे नमूद केले आहे, की पाच ते एकोणतीस वर्षे वयाची मुले व तरुण ह्यांच्या मृत्यूचे जगातील पहिल्या क्रमांकाचे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. पटकी आणि देवी ह्यांच्या साथींशी झुंजलेल्या समाजाने ही साथ मात्र नशिबाच्या खात्यावर टाकून दिली आहे. वस्तुतः तिची कारणे ज्ञात आहेत आणि उपायही ज्ञात आहेत.

नवा चालक चुकतो कोठे? हातापायांचे काम तो लवकर शिकतो. क्लच दाबणे, गिअर बदलणे, चढावर गाडी मागे येऊ न देता पुढे काढणे, हे सारे काही आठवड्यांत अंगवळणी पडते. डोळ्यांचे शिक्षण मात्र फार सावकाश होते. मोरंट आणि रॉकवेल ह्या अमेरिकेतील संशोधकांनी नव्या व मुरलेल्या चालकांच्या नजरेच्या हालचालींची तुलना करून १९७२ साली ती प्रसिद्ध केली. मुरलेल्या चालकाची दृष्टी दूरवर जाते आणि वरचेवर आरशाकडे वळते. नव्या चालकाची दृष्टी गाडीच्या पुढ्यातील थोड्याशा जागेत खिळून राहते, असे त्यांना दिसून आले. थांब्यावर उभी असलेली बस दोघांनाही दिसते. परंतु तिच्या पुढून एखादे मूल धावत रस्ता ओलांडील, ही शंका मुरलेल्या चालकाच्या मनात मूल दिसण्यापूर्वीच आलेली असते. गल्लीच्या तोंडाशी घरंगळत आलेला चेंडू, कडेच्या रिक्षाचे किंचित वळलेले पुढचे चाक, उभ्या मोटारीत चालकाच्या जागी हललेले डोके, ह्या साऱ्या खुणा म्हणजे रस्त्याची लिपी होय. नव्या चालकाला अक्षरे दिसतात, पण त्यांचा अर्थ वेळेवर लागत नाही.

त्यात वेगाची भर पडते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर अंतर तोडते. धोका ओळखून पाय ब्रेकवर पडण्यास एवढा वेळ सहज लागतो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. शिवाय वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ज्याला धोका उशिरा ओळखू येतो त्याने खरे तर इतरांहून सावकाश जावयास हवे. तरुणपणी घडते नेमके उलटे.

वेगाइतकाच सोबतीचाही प्रश्न आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की सोळा-सतरा वर्षांच्या चालकाच्या मोटारीत सोबत्यांची संख्या जसजशी वाढते, तसतशी त्याच्या मृत्यूची शक्यताही वाढत जाते. शेजारी वडीलधारे माणूस असले, तर उलट अनुभव येतो. मित्रांच्या मनात काही वाईट असते असे नव्हे. पण मागून आलेली ‘अरे, काढ की पुढे!’ एवढी हाक पुरेशी होते. रात्रीचेही असेच आहे. रात्री दिसते कमी, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, पापण्या जड होतात, आणि रस्ता मोकळा म्हणून वेग मात्र वाढतो.

ह्यावर सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे अधिक कसबाचे शिक्षण. नॉर्वेने १९७९ पासून नव्या चालकांना घसरणारी गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले. हेतू उत्तम होता. पुढे परिणामांची तपासणी झाली तेव्हा दिसले ते असे, की तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यांवरील अपघात कमी होण्याऐवजी वाढले होते. घसरलेली गाडी आपल्याला सावरता येते, हा भरवसा एकदा मनात बसला, की घसरू नये एवढे सावकाश जाण्याची गरज वाटेनाशी होते. अर्धवट कसबाने आलेला आत्मविश्वास हा अज्ञानाहूनही घातक ठरतो.

स्वीडनने वेगळी वाट धरली. तेथे परवान्याचे वय अठरा हेच राहिले. मात्र मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली सराव सुरू करण्याचे वय १९९३ साली साडेसतरावरून सोळावर आणण्यात आले. ज्या घरांनी ह्या सवलतीचा लाभ घेतला, त्या घरांतील मुलांचा परवान्यापूर्वीचा सराव सरासरी सुमारे ११८ तासांचा झाला, आणि परवान्यानंतर त्यांच्या अपघातांचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळला. ह्यातील काही भाग अशा घरांच्या मूळच्याच जागरूकतेचा असेल. तरीही बोध स्पष्ट आहे. नव्या चालकाचे रक्षण कसरतीने होत नाही, शांतपणे काढलेल्या तासांनी होते.

न्यूझीलंडने १९८७ साली आणखी एक पाऊल टाकले आणि परवान्याचे तीन टप्पे केले: शिकाऊ, मर्यादित आणि पूर्ण. मर्यादित टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच ह्या वेळात एकट्याने गाडी चालवावयाची नाही, आणि देखरेख करणारा अनुभवी चालक शेजारी नसताना मित्रमंडळी बसवावयाची नाहीत, असे बंधन आले. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील राज्यांनी ह्याच धर्तीचे नियम केले. जपानमध्ये १९७२ पासून नव्या चालकाच्या मोटारीवर हिरव्या-पिवळ्या पानाचे चिन्ह वर्षभर लावले जाते, आणि अशा गाडीच्या पुढ्यात घुसणे हा इतर चालकांचा अपराध ठरतो. नवशिक्याला सांभाळून घेण्याची जबाबदारी त्या देशाने साऱ्या रस्त्यावर वाटून दिली आहे.

भारतातील १९८८ चा मोटार वाहन कायदा शिकाऊ अवस्था मान्य करतो. पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हे अक्षर आणि शेजारी परवानाधारक शिक्षक ही अट त्यासाठीच आहे. परंतु शिकाऊ परवान्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. आणि तो मिळाला, की कालचा विद्यार्थी आणि वीस वर्षांचा अनुभवी चालक ह्यांत कायद्याच्या दृष्टीने अंतर उरत नाही. गंमत अशी, की अवजड मालवाहू गाडी शिकू इच्छिणाऱ्याजवळ हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष असला पाहिजे, अशी अट ह्याच कायद्यात आहे. पायरीपायरीने चढावे हे तत्त्व कायद्याला ठाऊक आहे. घरच्या मोटारीला आणि मोटारसायकलीला मात्र ते लागू झालेले नाही.

परवान्याच्या वयापूर्वीच मुलांच्या हाती किल्ली देणाऱ्या घरांचे काय? मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीच्या धडकेने मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी सांगितले. साऱ्या देशाने त्यावर संताप व्यक्त केला. परंतु शिकवणीला जाणारी पंधरा वर्षांची मुले स्कूटरवरून जाताना गावोगाव दिसतात, तेव्हा तोच समाज कौतुकाने पाहतो. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवून अपराध केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर टप्प्यांची योजना घरातच करता येते, आणि तिला परिवहन कार्यालयाची संमती लागत नाही. पहिले तीन महिने दिवसाउजेडी आणि ओळखीच्या रस्त्यांवर गाडी चालवावी; मोटार असेल तर शेजारी घरातील अनुभवी माणूस बसावे. त्यानंतर गर्दीचे रस्ते, मग पाऊस, मग संध्याकाळ, आणि अगदी शेवटी रात्र व महामार्ग, असा क्रम असावा. पहिल्या वर्षात मित्रांना घेऊन रात्रीचा प्रवास नाही, हा नियम परवाना येण्यापूर्वीच सर्वांनी मिळून ठरवावा. मागाहून घातलेले बंधन अविश्वासासारखे वाटते. दुचाकीवर मागे सोबती बसला, की तोल आणि ब्रेक दोन्ही बदलतात. म्हणून तोही टप्पा उशिराचाच. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून, पट्टा बांधून आणि मागे बसणाऱ्यालाही.

ठिकठिकाणच्या रस्त्यांचे धडे वेगळे असतात, हेही ध्यानात ठेवावे. वडोदऱ्याच्या गल्ल्यांत शिकलेला तरुण अहमदाबादच्या द्रुतगती मार्गावर, किंवा हैदराबादच्या वस्तीत शिकलेली तरुणी तेथील बाह्यवळण मार्गावर प्रथम जाते, तेव्हा त्यांना नवीनच रस्ता भेटलेला असतो. बेळगावहून गोव्याकडे उतरणारा चोर्ला घाट पावसाळ्यात धुक्याने भरून जातो. सपाटीवर शिकलेला चालक अशा उतारावर सारखा ब्रेक दाबून धरतो आणि तो तापून निकामी होऊ लागतो. खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी आवरावी, आणि अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पहिल्या पावसात रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ ह्यांचा जो निसरडा थर होतो, तो तर पाठच्या रस्त्यालाही परका करून टाकतो. अशा प्रत्येक नव्या रस्त्यावर पहिली खेप एखाद्या जाणत्या माणसाबरोबर व्हावी.

हे सारे सांगताना तरुणांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु मूल गाडी चालवावयास शिकते ते अठराव्या वर्षी नव्हे. चार-पाच वर्षांचे असताना, वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभे राहून किंवा आईच्या मोटारीत मागे बसून, त्याचे शिक्षण सुरू झालेले असते. लाल दिवा रिकाम्या चौकातही पाळावयाचा असतो का, फोन वाजला तर गाडी थांबते की मान तिरकी होते, म्हातारे माणूस रस्ता ओलांडताना वेग कमी होतो की भोंगा वाजतो, हे सारे ते तेरा-चौदा वर्षे न बोलता पाहत असते. परिवहन कार्यालयाची चाचणी काही मिनिटांची असते. घरातील ही शिकवणी फार लांबची असते, आणि तिची परीक्षा नवा चालक एकटा रस्त्यावर निघेल त्या दिवशी होते.