आकड्यासोबत त्याची नोंदही हवी



पिंपरीच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूच्या नावात पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसीस पिंपरिना. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधकांनी त्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध मिळवले. हे औषध बनवताना त्या जिवाणूच्या पेशीत काय घडते, हे आज कुणाला पाहायचे झाले तर तो जनुकांची अभिव्यक्ती मोजेल.

अभिव्यक्ती म्हणजे काय? पेशीतली सगळी जनुके एकाच वेळी कामाला लागत नाहीत. आपल्या यकृतात आणि त्वचेत जनुके तीच असतात, पण कामाला लागलेली वेगळी. जनुक कामाला लागले की त्याच्या आरएनए प्रती निघतात. कोणाच्या किती प्रती निघाल्या, हे मोजले की पेशीचा कारभार कळतो. पूर्वी हे मायक्रोअ‍ॅरे नावाच्या पट्टीवर मोजत, आता बहुतेक ठिकाणी आरएनए सिक्वेन्सिंगने मोजतात. एका प्रयोगातून हजारो आकडे बाहेर पडतात.

समजा, या जिवाणूवर दोन प्रयोगशाळांनी काम केले. एकीने वाढीच्या चोविसाव्या तासाला नमुना घेतला, दुसरीने बहात्तराव्या. स्ट्रेप्टोमायसीस गटातले जिवाणू सहसा वाढ मंदावल्यावर प्रतिजैविक बनवू लागतात. म्हणजे दोघींचे आकडे वेगळे येणार आणि तरीही दोन्ही बरोबर असणार. पण तास लिहिलाच नसेल, तर तिसऱ्याने त्यातून काय समजावे? चाकणच्या कारखान्यांतल्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको. सोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि धातूचा हीट नंबर नसेल, तर मापात बसणाऱ्या भागावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

जगभरच्या संशोधकांनी २००१ साली या अडचणीवर एक नियमावली मांडली: एमआयएएमई, म्हणजे मायक्रोअ‍ॅरे प्रयोगाबद्दल द्यायलाच हवी अशी किमान माहिती. यंत्रातून आलेले मूळ आकडे, प्रक्रिया केलेले आकडे, नमुन्याचा तपशील, प्रयोगाची आखणी, पट्टीवर कोणते जनुक कुठे आहे त्याची यादी आणि कामाची पद्धत, या सहा गोष्टी त्यात आल्या. पुढे फाइल कशी असावी हेही ठरले. पहिला साचा, मेज-एमएल, छोट्या प्रयोगशाळांना किचकट वाटला. म्हणून २००६ साली मेज-टॅब आला. हा साधा तक्ता आहे. त्यातल्या एकेका ओळीवरून नमुन्यापासून आकड्यांच्या फाइलपर्यंतचा माग लागतो. वापरायला सोपी असते तीच शिस्त टिकते.

पण नियम झाला म्हणजे काम झाले, असे नाही. २००९ साली काही संशोधकांनी एका नामवंत नियतकालिकातल्या अठरा शोधनिबंधांतली मायक्रोअ‍ॅरेची विश्लेषणे पुन्हा करून पाहिली. दहांचे निष्कर्ष पुन्हा मिळालेच नाहीत. मुख्य कारण होते उपलब्ध नसलेली माहिती आणि अपुऱ्या नोंदी.

साध्या नावांतही घोटाळा होतो. ‘मार्च-१’ नावाचे जनुक एक्सेलमध्ये टाकले की त्याची १ मार्च ही तारीख व्हायची. एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ साली दिसून आले. शेवटी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशा जनुकांची नावेच बदलली.

आपल्या देशात जैविक माहिती साठवण्यासाठी फरिदाबादला राष्ट्रीय केंद्र आहे. २०२२ साली त्याचे उद्घाटन झाले. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाची माहिती तिथे जमा व्हावी, असे सरकारी धोरण आहे. पुण्यात तर विद्यापीठातले जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८७ पासून काम करते आहे. पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि आयसरही इथेच आहेत. ताथवड्यात जैवतंत्रज्ञान शिकणारी मुले आहेत. इथे माणसे आहेत, यंत्रेही आहेत. शिस्त मात्र प्रत्येकाने आपल्या टेबलावर पाळायची आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, ज्या दिवशी नमुना घ्याल त्याच दिवशी तास, तापमान आणि पद्धत लिहून ठेवा. मूळ फाइल जपा, जनुकांची प्रमाण नावे वापरा. आणि मार्गदर्शकांनो, प्रबंधावर सही करण्याआधी ही नोंद मागून घ्या. ती नसेल, तर लोकांच्या पैशातून मिळालेले आकडे दुसऱ्या कुणाच्याही उपयोगाचे राहत नाहीत.