सिरम फेकू नका



  नाशिकच्या या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात उंदरांपासून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापांचा आढावा घ्या, असं कार्यवाहांनी कळवलं होतं. आढावा स्मरणिकेत छापलाय, तिथे वाचा. मला बरीच वर्षं एकच गोष्ट बोलायची आहे आणि आज माईक माझ्या हातात आहे.

आपण अँटिबॉडींची पाहणी करतो म्हणजे काय करतो? पाड्यावर जातो, रक्त घेतो, किट लावतो, शेकडा किती पॉझिटिव्ह ते लिहितो. एमडीचा प्रबंध सादर होतो. आणि सिरम? फ्रीजर साफ करायच्या दिवशी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत!

काल संध्याकाळी इथे मोठी खडाजंगी झाली. एक पक्ष म्हणाला, उंदरांकडून येणाऱ्या हंता विषाणूची आयजीजी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, म्हणजे विषाणू सह्याद्रीत आहेच. दुसरा म्हणाला, परक्या मुलखातल्या विषाणूवर बेतलेलं किट, भलतीच अँटिबॉडी चिकटली असेल. दोघांकडे स्लाइड होत्या. माझ्याकडे स्लाइड नाही, एक पेशंट आहे.

इगतपुरीकडचा भातशेतीतला मजूर. आवणीच्या दिवसांत आलेला. ताप, लाल डोळे, प्लेटलेट उतरलेल्या, लघवी बंद. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, धरून उपचार केले, डायलिसिस केलं, गडी वाचला. लेप्टोच्या तपासण्या मात्र निगेटिव्हच. त्याच्या सिरमची जोडी मी ठेवली होती, एक तापातली, एक बरा झाल्यानंतरची. पुढे हंताचं किट हाती आलं तेव्हा ती शोधायला गेलो, तर लसींना जागा हवी म्हणून वरिष्ठांनी तो खोकाच काढून टाकलेला. पेशंट तोवर द्राक्षबागांच्या कामाला गेलेला, पाड्यावर परतलाच नव्हता. त्या जोडीत अँटिबॉडी चढलेली दिसली असती तर पहिला पक्ष जिंकला असता, नसती दिसली तर दुसरा. आज माझ्या मते कालचा वाद दोघेही हरलेत.

जपलेल्या नमुन्याचं मोल काय असतं ते बघा. कोरियात विषाणुशास्त्रज्ञ हो-वांग ली यांनी काय केलं? बऱ्या झालेल्या रुग्णांचं सिरम घेतलं आणि रानउंदरांच्या फुफ्फुसांच्या कापांवर लावून पाहिलं. कापातला विषाणू त्या सिरमनंच दाखवून दिला. तोच हंतान विषाणू, 1970च्या दशकातला. आणि आपल्या वेल्लोरला 1964 मध्येच एका चिचुंद्रीतून थोट्टपलयम विषाणू वेगळा केला होता. (चिचुंद्री उंदीर नव्हे, हे प्राणिशास्त्रवाले चहाच्या वेळी मला ऐकवतीलच.) तो हंताच्याच कुळातला हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. कळलं ते कुणीतरी तो जपून ठेवला म्हणून.

सिरम एकाच तपासणीपुरतं नसतं, हेही आपल्याकडे जुनंच आहे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची स्थापना 1952ची. स्मिथबर्न, केर आणि आपले गटणे यांनी भारतीयांच्या सिरमवरचा निबंध 1954 मध्ये छापला. एकाच पाहणीत अनेक विषाणू तपासले, त्यात झिकासुद्धा होता! झिकाचं नाव तरी तेव्हा किती डॉक्टरांना ठाऊक असेल?

आफ्रिकेचे आकडे आपण हौसेनं उद्धृत करतो. सिएरा लिओनच्या गावागावांतून उंदरांमुळेच होणाऱ्या लासा तापाच्या अँटिबॉडी 8 पासून 52 टक्क्यांपर्यंत, हा 1987चा निबंध. पण त्या संशोधकांनी त्याच गावकऱ्यांचं रक्त पुन्हा घेतलं आणि त्यांच्या घरांतले उंदीरही पकडले, हे कोण सांगतं? गिनीत तर तिथल्याच रानउंदरातला सांगासू हा हंताच्याच कुळातला विषाणू 2006 मध्ये जाहीर झाला. मग माणसांचं सिरम त्या विषाणूवर पारखून घेतलं. उद्या सह्याद्रीतला विषाणू सापडला, तर आपण काय पारखणार? प्रबंधाची जिल्द?

उणे 80चा फ्रीजर महाग, वीज जाते, हे मला सांगू नका. त्याच विभागात साहेबांच्या खोलीचा एसी चालतो. पुढच्या तपासणीसाठी ठेवू का, हे रक्त घेतानाच माणसाला विचारता येतं. नको म्हणाला तर नको. बहुतेक हो म्हणतात, फक्त काय निघालं ते येऊन सांगा म्हणतात. तेही आपण करत नाही.

तर एक सिरमपेढी हवी. कुठे, ते ठरवू. नियमांचा मसुदा कुणीतरी करावा, तरुणांनी केला तर बरं. पैशांचं कार्यवाह बघतील, त्यांना मी अजून विचारलेलं नाही. निबंधवाचनाला उशीर झालाय. पहिल्या वक्त्यांनी यावं आणि त्यांचं सिरम सध्या कुठे आहे, ते आधी सांगावं.